अन्नाचा नकार आणि घराचा अधिकार

मुलानें जेवावें कीं न जेवावें, हा नीतिशास्त्राचा प्रश्न होऊं शकेल असें आमच्या आजोबांस कोणी सांगितलें असतें, तर त्यांस हंसूं आलें असतें. जेवण हा त्यांच्या दृष्टीनें आईच्या अधिकारांतला विषय; फार तर वैद्याच्या. पानांत पडलें तें संपवावें, उष्टें टाकूं नये, रुसून उपाशी निजूं नये, इतकें सांगितलें म्हणजे त्या विषयावरचें तत्त्वज्ञान संपलें. परंतु ज्या घरांत अन्नाची ददात नाहीं, पोर रुसलेलें नाहीं, पोटांत कांहीं बिघाड नाहीं असा डॉक्टरांचा निर्वाळा मिळालेला आहे, आणि तरीहि चौदा वर्षांची मुलगी समोरच्या ताटाकडे विष पाहावें तशी पाहते, त्या घरांतील आईबापांपुढें हा प्रश्न दिवसांतून तीन-चार वेळां उभा राहतो. हिच्या इच्छेविरुद्ध हिला जेवूं घालण्याचा आम्हांस अधिकार आहे काय? आणि असेल, तर तो कोठून आला व कोठें संपतो? या प्रश्नाचा विचार करण्यास गेल्या चाळीस वर्षांत रूढ झालेल्या एका उपचारपद्धतीनें चांगलें निमित्त दिलें आहे. म्हणून प्रथम त्या रोगाची व त्या पद्धतीची हकीकत सांगणें जरूर आहे.

रोगाचें नांव 'अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होझा'. हें नांव लंडनचे वैद्य सर विल्यम गल यांनीं १८७३ सालीं योजिलें. त्याच वर्षीं पॅरिसमध्यें लासेग या वैद्यानेंहि स्वतंत्रपणें याच रोगाचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्याच्याहि पूर्वीं, १६८९ मध्यें, रिचर्ड मॉर्टन या इंग्रज वैद्यानें क्षयावरील आपल्या ग्रंथांत एका मुलीची व एका मुलाची अशी हकीकत दिली होती कीं, ताप नाहीं, खोकला नाहीं, पण शरीर मात्र झिजत चाललें आहे. नांव फसवें आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ भूक नसणें असा. परंतु या रोगांत भूक नसते असें नाहीं. ती असते, आणि तिला जिंकल्याचें एक भयंकर समाधान असतें. आयुर्वेदांतील अरुचीशीं त्याची गल्लत करूं नये. वजन वाढेल या भीतीनें रोगी खाणें कमी कमी करीत जातो, आणि बरगड्या मोजतां येऊं लागल्या तरी आपण स्थूलच आहों असें त्यास वाटत राहतें. रोगी बहुधा वयांत येणाऱ्या मुली. मुलगेहि असतात, आणि ते मुलगे असल्यामुळेंच लोकांच्या लक्षांत उशिरां येतात. ही श्रीमंतांच्या मुलींची लहर आहे असें म्हणून जे हंसण्यावारी नेतात त्यांनीं एवढें लक्षांत घ्यावें कीं, २०११ सालीं अनेक अभ्यास एकत्र करून मांडलेल्या हिशेबांत या रोग्यांतील मृत्यूचें प्रमाण समवयस्कांच्या पांचपटींहून अधिक भरलें.

आतां उपचाराकडे वळूं. रोग्याला ठराविक वेळीं खाऊं घालावें, आणि ज्यांचा त्याच्या मनावर वचक आहे अशा माणसांत त्यास ठेवावें, असा गल यांचा उपदेश होता. मात्र आप्त व स्नेही हे या कामीं बहुधा सर्वांत वाईट शुश्रूषक, असेंहि त्यांनीं लिहून ठेविलें. पॅरिसच्या शार्कोनें तर मुलीस आईबापांच्या दृष्टीआड नेऊन ठेवणें हीच उपचाराची पहिली पायरी ठरविली. पुढें जवळजवळ शंभर वर्षें ही समजूत या ना त्या रूपानें टिकली. विसाव्या शतकांत मनोविश्लेषणाचा काल आला तेव्हां आईबापांस नुसतें दूर ठेवणें पुरेसें वाटेना. रोगाचें मूळच त्यांच्यांत, विशेषतः आईंत, शोधण्याची रीत पडली. १९७८ सालीं फिलाडेल्फियाच्या साल्व्हाडोर मिनुचिन यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह लिहिलेला ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांनीं सबंध कुटुंबाला वैद्याच्या खोलींत बोलाविलें, त्यांच्याबरोबर जेवावयासहि बसविलें. पण अशा रोगाला अशाच घडणीचें घर कारण होतें ही कल्पना त्यांच्या पद्धतीच्या बुडाशीं होतीच. कुटुंबाला दार उघडलें खरें, पण तें साक्षीदाराच्या पिंजऱ्याचें नव्हे, आरोपीच्या.

खरा पालट लंडनच्या मॉड्स्ले रुग्णालयांत झाला. जेराल्ड रसेल, क्रिस्टोफर डेअर, आयव्हन आयस्लर इत्यादि मंडळींनीं १९८७ सालीं आपला प्रयोग प्रसिद्ध केला. रुग्णालयांत ठेवून वजन भरून आणलेले ८० रोगी घेऊन, घरीं पाठविल्यानंतर कांहींचा उपचार कुटुंबासह व कांहींचा एकेकट्याचा, असा त्यांनीं वर्षभर केला. ज्यांचा रोग एकोणीस वर्षांच्या आंत सुरू झाला होता व तीन वर्षांहून जुना झाला नव्हता, त्यांना कुटुंबासहचा उपचार स्पष्टपणें अधिक मानवला. यांतूनच पुढें अमेरिकेंत जेम्स लॉक व डॅनियल ल ग्रांज यांनीं सहकाऱ्यांसह २००१ सालीं या पद्धतीचें सविस्तर मार्गदर्शक पुस्तक तयार केलें, आणि ज्यांस शंभर वर्षें खोलीबाहेर बसविलें होतें त्याच आईबापांच्या हातीं उपचाराचीं सूत्रें आलीं.

या पद्धतींत मुलीनें घरींच राहावयाचें. प्रथम आठवड्यास एकदां, पुढें पंधरवड्यास, मग महिन्यास, असें वर्षभर कुटुंबानें वैद्याकडे जावयाचें. प्रत्येक भेटीच्या आरंभीं मुलीचें वजन होतें. दुसऱ्या भेटीस येतांना, उपासानें खंगलेल्या या मुलीस जें पुरेसें होईल असें आईबापांस वाटतें तें जेवण त्यांनीं डब्यांत घेऊन यावयाचें, आणि तेथेंच सर्वांनीं जेवावयास बसावयाचें. वैद्य वाढीत नाहीं, भरवीत नाहीं. तो बाजूस बसून आईबापांस धीर देतो. मुलीनें मनाशीं जेवढें ठरविलें होतें त्याहून एक घांस तरी अधिक तिच्या पोटांत जावा, एवढाच त्या बैठकीचा हेतु. घरीं गेल्यावर काय, किती व केव्हां खावयाचें हें आईबापांनीं ठरवावें. प्रत्येक जेवणाला कोणी तरी तिच्याजवळ बसावें, आणि पान संपेपर्यंत उठूं नये. तोंड उघडून कोंबावयाचें नाहीं, मारावयाचें नाहीं, वाद घालावयाचा नाहीं. भावंडांनीं पहारेकरी व्हावयाचें नाहीं; त्यांनीं जेवणानंतर तिच्याशीं गप्पा माराव्या, पत्ते खेळावे. वजन बरेंच भरून आलें व जेवणावरचें युद्ध शमलें म्हणजे दुसरा टप्पा: खाण्याचा कारभार थोडा थोडा करून मुलीकडे परत द्यावयाचा. तिसऱ्यांत जेवणाचें नांवहि फारसें निघत नाहीं. त्या वयाच्या कोणत्याहि मुलामुलीच्या घरांत जे प्रश्न असतात ते बोलावयाचे.

या उपचारानें सर्व बरे होतात असें नाहीं, व तसें कोणी म्हणूंहि नये. २०१० सालीं लॉक व ल ग्रांज यांनीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत १२१ मुलेंमुली होतीं. उपचार संपल्यावर आणखी एक वर्षानें पाहतां, कुटुंबासह उपचार झालेल्यांपैकीं ४९ टक्के पूर्ण बरीं होतीं, आणि एकेकट्याशीं बोलून उपचार झालेल्यांपैकीं २३ टक्के. म्हणजे दुपटीहून थोडें अधिक, परंतु निम्म्याहून थोडें कमीच. नाडी फार मंदावली असेल, उभें राहतांच रक्तदाब उतरत असेल, तर आधीं रुग्णालयच गांठलें पाहिजे. फार दिवसांच्या उपासानंतर एकदम भरपूर अन्न देणेंहि जिवावर बेततें, कारण रक्तांतील फॉस्फेट अकस्मात् घसरतें. हें घरच्या माणसांनीं अंदाजानें करावयाचें काम नव्हे.

असो. आम्हांस यांत जें प्रथम विचारार्ह वाटतें तें असें कीं, या पद्धतीनें दोष आणि कर्तव्य यांची फारकत केली. रोग कशानें झाला याविषयीं आपण कांहींच गृहीत धरीत नाहीं, असें हे वैद्य पहिल्याच भेटींत सांगतात. आणि तें नुसतें समजुतीचें बोलणें नाहीं; २०१९ सालीं सुमारें सतरा हजार रोग्यांच्या आनुवंशिक द्रव्याची तपासणी होऊन त्यांत या रोगाशीं संबद्ध अशा आठ जागा आढळल्या, तेव्हां आईच्या बोलण्याचालण्यांतच सारें मूळ शोधणाऱ्यांस आतां थोडें नमतें घेणें भाग आहे. परंतु कारण सांपडो वा न सांपडो, आमच्या समाजाची विचाराची संवय अशी कीं ज्याच्याकडून बिघडलें त्यानें निस्तरावें. त्यामुळें एखाद्या बापास 'तुम्ही हें काम करा' म्हटलें कीं त्याला 'तुमच्यामुळें हें झालें' असें ऐकूं येतें, आणि तो एक तर कोसळतो किंवा भांडावयास उठतो. वस्तुतः शेजारच्या घरास आग लागली असतां ज्याच्या अंगणांत विहीर आहे त्यानें पाणी द्यावें, यांत आग त्यानें लावली असा आरोप नसतो. आईबापांजवळ विहीर आहे: मुलगी त्यांच्या घरांत राहते, दिवसांतून चार वेळां त्यांच्याच स्वयंपाकघरांतून तिच्यापुढें अन्न येतें, आणि त्यांच्याइतकी चिकाटी पगार घेऊन कोणी दाखवूं शकत नाहीं. कर्मविपाकाच्या कल्पनेंत वाढलेल्या आमच्या घरांत ही फारकत पटणें कठीण जातें, हें आम्ही जाणतों. मुलीच्या आजारांत आईचें कांहीं चुकलें असेल काय, हा प्रश्न सांत्वनास आलेल्या पहिल्या पांच बायकांपैकीं तिघी तरी विचारतातच.

आतां मुख्य प्रश्न. वर्गांत मिलचा स्वातंत्र्यावरील १८५९ चा प्रबंध शिकवितांना, ज्या मिलनें आगरकरांच्या पिढीस भारून टाकिलें त्याचें तत्त्व आजच्या विद्यार्थ्यांसहि तितकेंच पटतें, असा आमचा अनुभव आहे: ज्या गोष्टीनें दुसऱ्याचें नुकसान होत नाहीं तींत, केवळ त्याच्याच हितासाठीं म्हणून, कोणावर बळजबरी करूं नये. मुलें व ज्यांस अजून दुसऱ्यांनीं सांभाळावें लागतें अशी माणसें यांस मिलनें स्वतःच या नियमांतून वगळलें आहे. तेव्हां मुलगी चौदा वर्षांची आहे, प्रश्न मिटला, असें कोणी म्हणेल. आम्हांस हें उत्तर फार सोपें वाटतें. अल्पवयाच्या याच सबबीवर आमच्या घरांतून मुलींची शाळा बंद झाली, त्यांचीं लग्नें ठरलीं, मुलांच्या हातांतून चित्रकलेचे कुंचले काढून घेऊन अभियांत्रिकीचीं पुस्तकें दिलीं गेलीं. 'त्याला काय कळतें' या तीन शब्दांत जी सत्ता सांठली आहे ती निरंकुश आहे. ताटावरील अधिकार तेवढ्यावरच उभारला तर तो ताटापाशीं थांबणार नाहीं. तेव्हां याहून अरुंद, पण अधिक पक्का असा आधार पाहिला पाहिजे.

तो आधार आम्हांस मिनेसोटा विद्यापीठांतील एका प्रयोगांत दिसतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्यें, युरोपांत उपासमार झालेल्यांस पुन्हां कसें पोसावें हें कळावें म्हणून अ‍ॅन्सेल कीज यांनीं, सदसद्विवेकास स्मरून लढाईवर जाण्यास नकार दिलेले ३६ धडधाकट तरुण त्यांच्या संमतीनें २४ आठवडे जवळजवळ अर्ध्या अन्नावर ठेविले. त्यांचें वजन सुमारें चतुर्थांशानें घटलें. पण १९५० सालीं दोन खंडांत प्रसिद्ध झालेल्या अहवालांत वजनाहून मनाचीच हकीकत अधिक विलक्षण आहे. हे सुस्वभावी, विचारी तरुण चिडखोर झाले, उदास झाले, मित्रांपासून दूर राहूं लागले. पाककृतींचीं पुस्तकें वाचीत बसूं लागले, समोरचें अन्न तासतासभर चिवडूं लागले. राजकारण, धर्म, प्रेम, ज्या ज्या गोष्टींसाठीं ते जगत होते त्यांतून त्यांचें मन उडालें. ज्यास आपण अशा रोग्याचा स्वभाव म्हणतों त्यांतील बराचसा भाग हा स्वभाव नसून उपासमारीचा परिणाम असतो, हें त्यावरून उघड झालें. एक भेद मात्र विसरूं नये. त्या तरुणांस अन्न हवें होतें. या मुलीस तें नको असतें. रोगाचा आरंभ कसा होतो हें हा प्रयोग सांगत नाहीं. पण एकदां सुरू झाल्यावर तो कां सुटत नाहीं, तें बरेंचसें सांगतो. इतर बहुतेक निर्णयांत निर्णय चुकला तरी निर्णय करणारी बुद्धि शाबूत राहते व उद्यां तो फिरवूं शकते. येथें निर्णयाचा पहिला घाव निर्णय करणाऱ्यावरच पडतो. आज उपाशी राहण्याचें स्वातंत्र्य दिलें तर उद्यांचें स्वातंत्र्य तेवढें आंखडतें. म्हणून आईबाप तिला जेवूं घालतात तेव्हां ते तिच्या इच्छेच्या जागीं आपली इच्छा बसवितात असें नव्हे; इच्छा करणारें जें कोणी आंत आहे तें जिवंत राहावें एवढ्यासाठीं ते झगडतात.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हिंदुस्थानांतील वाचकाच्या मनांत तर आलाच पाहिजे. अन्न नाकारणारा प्रत्येक मनुष्य असा 'बुद्धि शाबूत नाहीं' या सदरांत ढकलतां येणार नाहीं काय? १९०९ पासून मताधिकारासाठीं लढणाऱ्या इंग्रज स्त्रियांस तुरुंगांत नळीनें अन्न घालण्यांत आलें, तें त्यांच्या हिताच्याच नांवाखालीं. लाहोरच्या तुरुंगांत जतींद्रनाथ दास यांसहि बळानें अन्न घालण्याचा प्रयत्न झाला; त्यांनीं तो हाणून पाडला व ६३ दिवसांच्या उपोषणानंतर १३ सप्टेंबर १९२९ रोजीं देह ठेविला. १९४७ च्या मे महिन्यांत साने गुरुजींनीं विठ्ठलाचें मंदिर अस्पृश्य मानलेल्यांस खुलें व्हावें म्हणून पंढरपुरांत प्राण पणास लाविले. यांस कोणी रोगी म्हणेल तर आम्ही त्याच्याशीं बोलणार नाहीं. पण भेद कोठें आहे हें नीट सांगतां आलें पाहिजे, नुसत्या आदरानें भागणार नाहीं. आमच्या मतें भेद असा आहे: उपोषण करणाऱ्यास कांहीं तरी हवें असतें, आणि तें अन्नाच्या बाहेरचें असतें. मागणी पुरी झाली कीं तो मोसंब्याचा रस घेतो. रस घेतांना त्याला हार झाल्यासारखें वाटत नाहीं, जीत झाल्यासारखें वाटतें. या मुलीची मागणी काय म्हणून विचाराल तर ती एका वजनाचा आंकडा सांगते. त्या आंकड्यावर पोंचली कीं तो आंकडा आणखी खालीं सरकतो. जो उपास पुरा होण्याची अवस्थाच नाहीं, त्यास व्रत म्हणतां येत नाहीं.

साधुसंतांचा प्रश्न याहून अवघड आहे. सिएनाची कॅथरिन १३८० सालीं वयाच्या तेहतिसाव्या वर्षीं वारली. तिनें अन्न जवळजवळ वर्ज्य केलें होतें, आणि तिच्या गुरुस्थानीं असलेल्यांनीं खा म्हणून सांगितलें तरी आपल्यानें खाववत नाहीं असें तिचें उत्तर असे. आजचे कांहीं इतिहासकार तिच्याकडे या रोगाच्या दृष्टीनें पाहतात. सहाशें वर्षांपूर्वींच्या माणसाची अशी नाडीपरीक्षा आम्हांस फारशी रुचत नाहीं, म्हणून तो वाद आम्ही सोडून देतों. आमच्या घरांपुरतें मात्र एक सांगितलें पाहिजे. एकादशी, चतुर्थी, नवरात्र, श्रावणी सोमवार, इतके उपास आपल्याकडे पुण्यप्रद मानलेले आहेत कीं, जिला खावयाचें नाहीं तिला सबबीची उणीव पडत नाहीं, आणि घरांतील वडील माणसें तिच्या निष्ठेचें कौतुकच करतात. गीतेच्या सहाव्या अध्यायांत अति खाणाऱ्याच्या बरोबरीनें मुळींच न खाणाऱ्यासहि योगाच्या बाहेर ठेविलें आहे, याची आठवण अशा वेळीं कोणा तरी आजीनेंच करून द्यावी. वैद्याचें त्या बाबतींत कोणी ऐकत नाहीं.

या पद्धतींतील एका गोष्टीविषयीं मात्र आम्हांस धास्ती वाटते. मुलगी व रोग हे दोन वेगळे समजा, असें आईबापांस शिकविलें जातें. ताट भिरकावणारी, खोटें बोलणारी, 'मी तुमचा द्वेष करतें' म्हणणारी ती तुमची मुलगी नव्हे. तो रोग बोलत आहे. ही कल्पना दयाळू आहे यांत शंका नाहीं. तिच्यामुळें बापाचा हात आवरतो, आईची रात्रीं झोप लागते. परंतु एखाद्या माणसाचें बोलणें त्याचें नव्हेच असें ठरविण्याची सोय एकदां हातीं आली कीं ती कोठवर वापरावी याला धरबंध राहत नाहीं. मुलगी म्हणाली, 'मला भात नको,' तर तो रोग; ठीक आहे. ती म्हणाली, 'बाबा, तुम्ही आईशीं असे बोलूं नका,' तर तोहि रोग काय? एकोणिसाव्या शतकांतील वैद्यांनीं मुलीचें सारेंच बोलणें वातोन्मादाच्या सदरांत टाकिलें होतें. तीच गोष्ट अधिक प्रेमळ भाषेंत पुन्हां होऊं नये. आम्ही तर अशी मर्यादा घालूं कीं, रोगाचा आवाज ऐकूं येण्याचा हक्क आईबापांस ताटापुरता व आरशापुरता आहे. इतर सर्व ठिकाणीं जें बोलली तें मुलगीच बोलली असें धरून चालावें, तें कितीहि कडू असलें तरी.

परंतु या साऱ्या धास्तीवर पद्धतीच्या रचनेंतच एक उतारा आहे, आणि आमच्या मतें तिचा खरा नैतिक गाभा तोच होय. तिच्या पहिल्या टप्प्यांत सत्ता घेतली जाते ती दुसऱ्यांत परत देण्यासाठीं, व हें पहिल्याच दिवशीं मुलीच्या समक्ष सांगितलेलें असतें. सत्ता घेणारे पुष्कळ. परत देण्याची तारीख आधीं सांगून घेणारे थोडे. विश्वस्तानें अज्ञानाची मिळकत सांभाळावी आणि तो सज्ञान होतांच हिशेबासह त्याच्या स्वाधीन करावी, असा जो कायद्यांतला व्यवहार आहे त्याच जातीचा हा अधिकार. तो परत देणें सोपें नाहीं. सहा महिने मुलीच्या प्रत्येक घांसाशेजारीं बसलेल्या आईस, ती आतां मैत्रिणींबरोबर बाहेर जेवून येईल, आणि काय जेवली तें कोणी विचारावयाचें नाहीं, हें सहन होणें पहिल्या लढाईइतकेंच कठीण जातें. कांहीं घरें येथेंच अडतात: मुलगी बरी होते, पण पहारा उठत नाहीं. आमच्या मतें बळजबरी न्याय्य होती कीं नव्हती याचा निकाल या दुसऱ्या टप्प्यांत लागतो, पहिल्यांत नव्हे.

आणखी एक गोष्ट व्यवहाराची. 'कुटुंबानें करावें' असें आपण म्हणतों तेव्हां आपल्याकडे तें काम बहुतेक आईवर जाऊन पडतें. सकाळचा नाश्ता, दुपारचा डबा, चार वाजतांचें खाणें, रात्रीचें जेवण, आणि प्रत्येकापुढें तास दीड तास बसणें. नोकरी करणाऱ्या बाईस याचा अर्थ बिनपगारी रजा असा होतो. बापानें महिन्याची फी भरली म्हणजे त्याचा वांटा उरकला असें धरून चालत नाहीं. दोघांचें एकमत ताटापाशींच फुटतें, आणि आईनें चार पोळ्यांचा आग्रह धरला असतां बाप 'जाऊं दे, दोन तर खाल्ल्या' म्हणाला, कीं त्या दिवसाची बाजी गेली. शिवाय सर्वच घरें या कामास सारखीं नसतात. आयस्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००० सालीं दाखवून दिलें कीं, जेथें आई मुलीस फार टाकून बोलते त्या घरांतून सर्वांस एकत्र बसविण्यापेक्षां आईबापांस वेगळें व मुलीस वेगळें भेटणेंच अधिक गुण देतें. पुढें मेलबर्न येथील प्रयोगांत, जो २०१६ सालीं प्रसिद्ध झाला, केवळ आईबापांस भेटून केलेल्या उपचारानें ४३ टक्के व सर्वांस एकत्र भेटून केलेल्यानें २२ टक्के मुलें उपचाराच्या अखेरीस बरीं झालेलीं दिसलीं. पुढें वर्षभरांत हें अंतर कमी झालें तरी त्यांतून निघणारा बोध आम्हांस महत्त्वाचा वाटतो. मुलीच्या देखत आईबापांनीं आपली असहायता बोलून दाखविणें त्यांस जड जातें, आणि मुलीसहि तें ऐकणें जड जातें. आमच्या घरांत, जेथें बाप मुलांपुढें रडत नाहीं असा अलिखित नियम आहे, तेथें तर हें विशेष लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

शेवटीं वयाचा प्रश्न उरतो, आणि तो आम्हांस सुटलेला नाहीं. आपल्याकडील २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानें अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतींत पालकांस निर्णयाचा अधिकार दिला आहे. अठरा पुरीं झालीं कीं तो संपतो. मोठ्या माणसास आपल्या उपचाराविषयीं निर्णय घेण्याची पात्रता आहे असें तो कायदा धरून चालतो, आणि ती पात्रता जोखण्याची कसोटी म्हणजे मुख्यतः सांगितलेलें समजणें, परिणाम उमगणें व आपला निर्णय दुसऱ्यास कळवितां येणें. कायदा शहाणा आहे. वेड्यांच्या इस्पितळांचा जुना इतिहास ज्यास ठाऊक आहे तो त्यास नांवें ठेवणार नाहीं. परंतु ऑक्सफर्डच्या जॅसिंटा टॅन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशा दहा मुलींशीं सविस्तर बोलून २००३ सालीं जें लिहिलें तें येथें आड येतें. या मुली समजुतीच्या व तर्काच्या कसोटीस चांगल्या उतरल्या. उपास केला तर मरूं, हें त्यांस ठाऊक होतें. तें त्या स्पष्ट बोलूनहि दाखवीत. बदललें होतें तें त्यांचें मोल ठरविणें: कृश राहणें व जगणें यांच्या तराजूंत जगण्याचें पारडें हलकें झालें होतें. मोल ठरविण्याची शक्ति बिघडली आहे असें दुसऱ्याविषयीं म्हणण्याचा अधिकार कायद्यानें कोणास द्यावा, हें आम्हांस सांगतां येत नाहीं. आणि तो देऊंच नये असेंहि, त्या मुलीकडे पाहतां, म्हणवत नाहीं. पाश्चात्य देशांतील कांहीं वैद्य यावर एक मधला मार्ग काढतात. अठरा उलटलेल्या रोग्यास ते विचारतात: तूं आतां सज्ञान आहेस, तुझ्या संमतीवांचून तुझ्या आईबापांस आम्ही बोलावूं शकत नाहीं, तेव्हां तुझ्या शेजारीं जेवावयास कोणी बसावें, आणि तूं 'नको' म्हणालीस तर त्यांनीं किती वेळ ऐकूं नये, हें आज, पोटांत थोडें अन्न असतांना, तूंच लिहून देशील काय? कांहीं मुली आईचें नांव लिहितात. कांहीं मैत्रिणीचें लिहितात. कांहीं कागद कोराच परत करतात, आणि पुढच्या आठवड्यास पुन्हां येतात.